कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये फुलपाखरं आणि शिंजीर बोलवायचे तर

पहिलं म्हणजे हमिंगबर्ड विसरा. तो अमेरिका खंडातला पक्षी, नाशिकला कितीही फुलं लावली तरी येणार नाही. आमच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात कोणीतरी "हमिंगबर्ड दिसला" म्हणून व्हिडिओ टाकतं आणि झूम करून बघितलं की तो हॉक मॉथ निघतो, म्हणजे हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध पिणारा पतंग. आपल्याकडे फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी म्हणजे शिंजीर (सनबर्ड). विणीच्या काळात नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, मादी साधी, पोटाला पिवळट.

जागा निवडताना निदान पाच-सहा तास ऊन येईल आणि वारा जरा अडेल अशी बघा, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही. लागवड जूनमध्ये पहिल्या एक-दोन चांगल्या पावसानंतर करा म्हणजे पाण्याचा त्रास वाचतो, आणि एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सात एकत्र लावा, लांबून दिसतात. फुलांसाठी पेंटास, झिनिया, कॉसमॉस, सदाफुली, एक्झोरा. शिंजीरसाठी हमेलिया आणि साधी एकेरी जास्वंद, डबलवाली नको, दिसायला भारी पण पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत चोच जाणं अवघड. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरंय पण ती कुठेही पसरते, मुद्दाम लावू नका.

आता खरा मुद्दा, फक्त फुलं लावली तर फुलपाखरू येतं, पितं आणि जातं. राहायला हवं असेल तर अळीचं जेवण लावा. लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन अंडी घालतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन (२०१५ मध्ये जाहीर झालं) पण लिंबाच्याच कुळातलं खाऊन वाढतं, तो आला तर लॉटरीच. रुईवर प्लेन टायगर, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर, बहाव्यावर पिवळट एमिग्रंट, आणि पानफुटीवर रेड पिएरो, त्याची अळी तर जाड पानाच्या आत शिरून आतूनच गर खाते.

लिंबावरची लहान अळी बघितलीत तर वाटेल पक्ष्याची शीट पडलीय, काळपट-पांढरी, तशीच ओलसर. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लहान पोरांना हे एकदा दाखवा, मग ते रोज तिथेच.

पण मोठ्यांना पटवणं अवघड. पानं कुरतडलेली दिसली की "झाड खराब झालं" सुरू होतं. आमच्या माळीकाकांनी पहिल्याच वर्षी बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने लिंबावर औषध मारलं, एका दिवसात सगळ्या अळ्या खाली. तेव्हापासून लिंबाला पाटी लावलीय, "ही पानं खाण्यासाठीच आहेत". निंबोळी अर्कही या झाडांवर नको, सेंद्रिय असला तरी अळीला तो सारखाच. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) फार झाला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, फक्त आधी अळ्या-अंडी कुठे आहेत ते बघून.

पाण्यासाठी जुनी परात मातीत पुरून चिखल भरा, थोडं शेणखत आणि चिमूटभर मीठ, बस. उन्हाच्या वेळी नर फुलपाखरं क्षार शोषायला तिथे बसतात. पाणी साचू मात्र देऊ नका, नाहीतर डासांवरून मीटिंग लागेल. साखरपाण्याच्या बाटल्या पण टांगू नका, आपल्या एप्रिलमध्ये ते लगेच आंबतं.

आणि कुठे फांदीला किंवा वायरीला वाळकी पानं, कोळ्याची जाळी, कागदाचे कपटे असं काहीतरी लोंबताना दिसलं तर कचरा समजून ओढू नका, बाजूला छोटं भोक आहे का बघा. ते शिंजीरचं घरटं. आमच्या जिन्यात बल्बच्या वायरीवर होतं, महिनाभर बल्ब न लावता सगळे मोबाईलच्या टॉर्चवर वर-खाली करत होते.