हार्डवेअर ऑफलोड लावलंय? मग या चुका टाळा

राउटरमधली पॅकेटं पुढे ढकलायचं काम सीपीयूऐवजी चिपमधल्या वेगळ्या इंजिनाकडे देणं, हे हार्डवेअर ऑफलोड. ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवर चालणाऱ्या राउटर फर्मवेअरमध्ये ते एका टिकने लागतं. त्यावरूनच आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. "भाऊ, ऑफलोडवर टिक मारली, राउटर रीस्टार्ट केला, तरी स्पीड येऊन नाही राहिला." किंवा उलट. "स्पीड तर आला, पण बाकी सगळं बिघडलं." मी एकच विचारतो, पॅकेट कुठल्या रस्त्याने चाललंय ते पाहिलं का? पलीकडे शांतता. मग हळूच, "ते कुठं दिसते?"

कुठं दिसतं ते सांगतो, पण आधी रस्ता समजून घ्या. नवीन कनेक्शनची सुरुवातीची पॅकेटं लिनक्सच्या सगळ्या नाक्यांवर थांबत जातात: कॉनट्रॅकची (चालू कनेक्शनांच्या यादीतली) नोंद, फायरवॉलचे नियम, नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणं), राउटिंग. दोन्ही बाजूंचं बोलणं सुरू झालं की फ्लोटेबल (लिनक्समधला जवळच्या वाटेचा तक्ता) त्या कनेक्शनची चिठ्ठी करून ठेवतं आणि पुढची पॅकेटं नाके टाळून आडवाटेने जातात. हे सॉफ्टवेअर ऑफलोड. काम सीपीयूच करतो, फक्त कमी करतो. हार्डवेअर ऑफलोडमध्ये ती चिठ्ठी चिपमधल्या पॅकेट इंजिनाकडे जाते, एमटी७६२१ सारख्या मीडियाटेक चिपांत त्याला पीपीई म्हणतात. त्यानंतर पॅकेट एका पोर्टातून येऊन दुसऱ्यातून गेलेलं सीपीयूला कळतही नाही.

याची गरज का पडते, तेही आकड्यात बघा. एमटी७६२१ चा कोअर ८८० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८८ कोटी ठोके. गिगाबिट लाइनवर पूर्ण आकाराची फ्रेम सेकंदाला ८१,२७४ वेळा येऊ शकते. एका कोअरला एका पॅकेटमागे मिळाले साधारण १०,८०० ठोके. ६४ बाइटच्या बारक्या फ्रेम असतील तर त्या सेकंदाला १४,८८,०९५ येतात आणि हाती उरतात जेमतेम ५९०. एवढ्यात फायरवॉल, नॅट आणि पीपीपीओई (लाइनवाल्याकडे लॉगिन करून चालणारं कनेक्शन) उरकायचं म्हणजे गंमत नाही.

टीसीपीडम्पमध्ये दिसत नाही म्हणजे पॅकेट आलंच नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे. (टीसीपीडम्प म्हणजे राउटरमधून येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन.)

नागपूरच्या कळमन्यात मिरचीच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम आहे. आठ कॅमेरे, एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), स्टॅटिक आयपी घेतलेली पीपीपीओई लाइन आणि मी लावलेला एमटी७६२१ चा बोर्ड. शेटजी वर्धमाननगरच्या घरून मोबाइलवर गोदाम बघायचे. एक दिवस चित्र अडकायला लागलं. दहा सेकंद चाले, पाच सेकंद थिजे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोट्ट्याला पाठवलं. त्याने राउटरवर टीसीपीडम्प लावला आणि तिथूनच फोन केला, "दादा, एनव्हीआर दहा-बारा पॅकेट पाठवते अन् गप्प बसते. लाइनवालाच पॅकेट खाऊन राहिला."

मला ते पटलं. पटायला नको होतं. आम्ही लाइनवाल्याशी भांडलो, त्याने बिचाऱ्याने ओएनटी (फायबर जिथं येते तो डबा) बदलून दिला, फायबरची पॉवर मोजून दाखवली. तरी तेच. दर वेळी हँडशेक (कनेक्शन जोडायची सुरुवातीची देवाणघेवाण), दहा-बारा पॅकेटं आणि मग शांतता. तिसऱ्या दिवशी शेटजींचा आवाज चढला, "काहून भाऊ, तीन दिवस झाले, माझंच गोदाम मले दिसून नाही राहिलं!" तेव्हा मी स्वतः गेलो. गोदामात पाऊल टाकताच शिंका सुरू, डोळ्यांतून पाणी. त्या मिरचीच्या खकाण्यात लॅपटॉप उघडला आणि पहिल्या मिनिटात कपाळावर हात मारला. हार्डवेअर ऑफलोडची टिक मीच लावून गेलो होतो.

दहा-बारा पॅकेटांनंतर काही बंद पडत नव्हतं. तिथून पुढे कनेक्शन इंजिनाकडे जात होतं, आणि इंजिनातून जाणारं पॅकेट टीसीपीडम्पला दिसतच नाही. सॉफ्टवेअर ऑफलोडमध्ये दिसतं, कारण पॅकेट शेवटी सीपीयूकडूनच जातं. हार्डवेअरमध्ये नाही.

ऑफलोड बंद केलं, पुन्हा टीसीपीडम्प लावला आणि खरं दुखणं दिसलं. मोबाइलकडून तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागितला जात होता, मधले क्रमांक गायब. इथटूलने (पोर्टाची माहिती दाखवणाऱ्या कमांडने) लॅन पोर्टाचे आकडे पाहिले तर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेली पॅकेटं, धावत्या मीटरसारखे वाढताहेत. एनव्हीआरची केबल ज्या पोत्यांमागून गेली होती ती पोती सरकवली. उंदरांनी वरचं आवरण कुरतडून दोन जोड्यांचं तांबं उघडं केलं होतं. वीस मीटर केबल, दोन कनेक्टर, अर्धा तास. आणि खरी लाजेची गोष्ट म्हणजे इथटूलचे ते आकडे ऑफलोड चालू असतानाही तिथेच होते. कोणी पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून माझी सवय अशी: तक्रार आली की आधी पोर्टाचे एरर. मग राउटरच्या प्रॉक फोल्डरमधली एनएफ कॉनट्रॅकची फाइल उघडायची आणि त्या कनेक्शनच्या ओळीत 'ऑफलोड' (सॉफ्टवेअर) लिहिलंय की 'एचडब्ल्यू ऑफलोड' (हार्डवेअर), ते बघायचं. पॅकेट कुठल्या रस्त्याने चाललंय ते इथं दिसतं. टीसीपीडम्प लावायचाच असेल तर ऑफलोड बंद करून, आणि बंद केल्याचं बोर्डाच्या डब्यावर पेनाने लिहून. नाहीतर परत चालू करायचं राहतं आणि महिन्याभराने स्पीडची तक्रार येते.

मोजणंच चुकीचं

दोन्ही लॅपटॉप लॅन पोर्टात खोचायचे, ९४१ एमबीपीएस बघायचे आणि ऑफलोड चालतंय म्हणून मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायचा. अरे बाबा, लॅन ते लॅन पॅकेट स्विच चिप परस्पर पोचवते. तिथं नॅट नाही, फायरवॉल नाही, ऑफलोडचा संबंधच नाही. दुसरे महाभाग राउटरवरच आयपर्फ (दोन टोकांमधला स्पीड मोजायचं साधन) चालवतात. मग राउटर पॅकेट पुढे पाठवत नाही, स्वतः तयार करतो किंवा गिळतो, आणि जो सीपीयू मोजायचा तोच आयपर्फने खाल्लेला असतो. पिंगवाले तिसरे. ऑफलोड टीसीपी आणि यूडीपीचं होतं, पिंग जुन्याच रस्त्याने जातं. त्यामुळे "पिंग तर दोन मिलिसेकंद आहे" याला माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्या टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, तो माझा खोटा लाइनवाला. त्यावर पीपीपीओई सर्व्हर चालतो, कारण गिऱ्हाइकाकडे पीपीपीओई असणार आणि मी साध्या डीएचसीपीवर (लॉगिनशिवाय आपोआप पत्ता मिळतो त्यावर) चाचणी घेतली तर ती चाचणी माझ्याच समाधानाची. डेस्कटॉप वॅनला, लॅपटॉप लॅनला, आयपर्फ दोन टोकांना. दुसऱ्या खिडकीत राउटरवर टॉप (सीपीयू कशात गुंतलाय ते दाखवणारी कमांड) उघडून 'एसआयआरक्यू'चा, म्हणजे पॅकेटं हाताळण्यात जाणाऱ्या सीपीयूचा, आकडा बघत बसायचं. आठ-नऊशे एमबीपीएस वाहताना तो शून्याच्या आसपास असेल तर इंजिन काम करतंय. साठ-सत्तर टक्के असेल तर टिक फक्त शोभेची आहे.

९४१ च्या वर जायची धडपडही करू नका. तारेवर १,५३८ बाइट गेले की त्यातले १,४४८ तुमच्या कामाचे, पीपीपीओईमध्ये १,४४०. म्हणजे तिथं ९३६ हीच कमाल. हे न मोजता पाच एमबीपीएससाठी रात्रभर फर्मवेअर बदलणारी माणसं मी पाहिली आहेत.

रात्री ११ चा नियम आणि हॉस्टेलची पोट्टी

नंदनवनात एक मुलांचं हॉस्टेल आहे. चालवणाऱ्या काकूंची अट एकच, रात्री ११ ला नेट बंद. मी फॉरवर्ड साखळीच्या (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या फायरवॉल नियमांच्या) अगदी वर, चालू कनेक्शन सोडून देणाऱ्या नियमाच्याही आधी, वेळेचा ड्रॉप नियम बसवला होता. वर्षभर बिनतक्रार चालला. मग काकूंनी ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, मी हार्डवेअर ऑफलोड लावलं, स्पीड आला, सगळे खूश. पंधरा दिवसांनी फोन. "अरे बाळा, पोट्टे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळून राहिले. तुझा तो नियम झोपला का?"

नियम जागा होता. नवीन साइट उघडत नव्हती. पण ११ च्या आधी सुरू झालेलं कनेक्शन आडवाटेला लागलेलं, ते फॉरवर्ड साखळीपर्यंत येतच नव्हतं. ज्या नाक्यावर मी शिपाई बसवला तो रस्ताच त्या पॅकेटांनी सोडला होता. पोट्ट्यांना हे माझ्याआधी कळलं. १०:५५ ला गेम उघडायचा, मोठं डाउनलोड लावायचं, मधे थांबायचं नाही. तीस सेकंद कनेक्शन गप्प बसलं तर फ्लोटेबलची नोंद उतरते, हेसुद्धा त्यांनी अंदाजाने शोधलं होतं. "थांबलं की जाते, दादा," असं एकाने मला हसत सांगितलं. त्याला मी कामावर घ्यायला हवं होतं.

इलाज एका ओळीचा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) ११:०१ ला कॉनट्रॅकच्या सगळ्या नोंदी पुसायच्या. नोंद गेली की फ्लो इंजिनातून उतरतो, पुढचं पॅकेट नाक्यावर येतं आणि अडतं. ११:०० ला नाही, ११:०१ ला, म्हणजे नियम आधी लागलेला असेल. आणि राउटरचं घड्याळ बघा. बहुतेक बोर्डांना घड्याळाची बॅटरी नसते, उन्हाळी वादळात लाइट जाऊन आली की वेळ इंटरनेटवरून येईपर्यंत राउटर भलत्याच तारखेत वावरतो.

हाच न्याय नव्या ब्लॉक नियमांनाही. नियम टाकला, तरी चालू कनेक्शन चालूच, म्हणून लोक तोच नियम चार वेगवेगळ्या प्रकारे लिहितात. नोंदी पुसा आणि मग बघा.

बाकीच्या, पटापट

एसक्यूएम (लाइन भरली तरी कॉल अडकू नये म्हणून पॅकेटांची रांग सांभाळणारी सोय) आणि हार्डवेअर ऑफलोड दोन्ही हवंय? मिळणार नाही. रांग लावायची पद्धत केक काय किंवा एफक्यू कोडेल काय, पॅकेट रांगेत उभं करायला ते सीपीयूच्या हाती यावं लागतं. दोन्ही चालू ठेवलं तर एसक्यूएमचं पान सेटिंग दाखवत राहतं आणि लाइन बेलगाम धावते. घरात व्हिडिओ कॉल अडकत असतील आणि लाइन १०० ची असेल तर मी डोळे मिटून एसक्यूएम ठेवतो, ऑफलोड काढतो. १०० एमबीपीएससाठी इंजिन चालू करणं म्हणजे सीताबर्डीत भाजी घ्यायला ट्रक नेणं. मायक्रोटिक राउटरवाल्यांनो, तुमचा फास्टट्रॅकही (तुमच्याकडची आडवाट) सिंपल क्यू (स्पीडची मर्यादा) असाच चुकवतो. खोलीवार डेटा मोजून पैसे घेत असाल तर तो हिशेबही आधी टेबलावर ताडून बघा.

बोर्ड घेताना 'गिगाबिट' शब्दावर जाऊ नका. रास्पबेरी पाय ४ मध्ये पॅकेट इंजिन नाही, तिथं सगळं सीपीयूच्या जिवावर. क्वालकॉमच्या आयपीक्यू८०७एक्स मध्ये एनएसएस नावाचे वेगळे कोअर आहेत, पण ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत बिल्डमध्ये त्यांचं ऑफलोड नाही. तिथं हार्डवेअरची टिक लावलीत तरी फायरवॉल सॉफ्टवेअरवर उतरतो आणि सुरू होताना एक ओळ बडबडतो, जी कोणी वाचत नाही.

वायफायवर स्पीडटेस्ट घेऊन ऑफलोडला शिव्या देऊ नका. एमटी७६२१ वर वायफायची पॅकेटं सीपीयूतूनच जातात. एमटी७९८१, एमटी७९८६ मध्ये वायफायसाठी डब्ल्यूईडी (वायफायची पॅकेटं इंजिनाकडे देणारा भाग) आहे, पण ओपनडब्ल्यूआरटीत ते आपोआप चालू नसतं, वायफाय ड्रायव्हरच्या मोड्यूलला पॅरामीटर द्यावा लागतो.

जुनं फर्मवेअर घेऊन बसू नका. मूळ लिनक्सच्या फ्लोटेबलला पीपीपीओई, व्हीएलएएन आणि ब्रिज नीट कळायला लागले ते ५.१३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून.

स्पीड बरोबर ९४ वर अडकला तर ऑफलोडच्या पानावर जाऊच नका. लिंक १०० वर जुळली आहे, बहुधा केबलच्या चारपैकी दोनच जोड्या नीट क्रिंप झाल्या आहेत.

व्हिडिओ बघून पॅकेट स्टीअरिंग, आयआरक्यू बॅलन्स, ऑफलोड, एमटीयू, डीएनएस अशी पाच सेटिंगं एकदम फिरवून "आता काय करू" विचारणाऱ्यांना मी फॅक्टरी रीसेट सांगतो. राग येतो त्यांना. येऊ द्या. एक बदल, एक मोजणी, वहीत एक ओळ. कंटाळा येत असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट आहेच.

आणि मे महिन्यात गच्चीच्या दारामागे, पत्र्याच्या पेटीत, गरम ओएनटीच्या डोक्यावर राउटर ठेवून "दुपारी एकनंतर रीस्टार्ट मारून राहिला, ऑफलोडमध्ये बग असेल" म्हणू नका. पेटीचं दार उघडा, बोर्डावर बोट ठेवा. तीन सेकंद टेकवता आलं तर मला फोन करा.