सभेच्या वह्यांतून घराण्याचा माग: वसाहतकाळातल्या क्वेकर कुटुंबाची वंशावळ कशी शोधावी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सीत सतराव्या शतकाच्या अखेरीस उतरलेल्या क्वेकर (इंग्लंडमध्ये उगवलेला एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाचा शोध घेताना बहुतेक जण आडनावाच्या मागे लागतात आणि तिथेच चकतात. धरायची असते ती मंथली मीटिंग. क्वेकरांची ही स्थानिक मासिक सभा जन्म, लग्न, मृत्यू, गाव सोडणं, चुकणं, माफी मागणं, सगळं वहीत उतरवून ठेवायची. हे लोक बाप्तिस्मा देत नसत, म्हणून त्यांची मुलं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या यादीत मिळत नाहीत. सुरुवातीला थडग्यावर दगडही बसवत नसत. त्यामुळे कोणत्या साली कुटुंब कोणत्या सभेत होतं हे कळलं, की निम्मं काम झालं.

उदाहरणाला बून घराणं घेऊ. केंटकीची वाट उघडणारा प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून याच घरातला.

आधी तारखा वाचायला शिका

हे टाळलं तर पुढचं सगळं चुकतं. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. क्वेकर महिन्यांची प्रचलित नावं टाळून आकडे लिहीत, आणि त्यांचा पहिला महिना मार्च. आपल्याला हे लक्षात ठेवणं सोपं आहे: सप्टेंबरमध्ये सप्त, ऑक्टोबरमध्ये अष्ट, नोव्हेंबरमध्ये नव, डिसेंबरमध्ये दश दडलेले आहेतच. अकरावा महिना जानेवारी, बारावा फेब्रुवारी.

डॅनियलच्या आईवडिलांचं, म्हणजे स्क्वायर बून आणि सारा मॉर्गन यांचं लग्न १७२० साली सातव्या महिन्याच्या २३ तारखेला पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेडच्या सभागृहात झालं. म्हणजे २३ सप्टेंबरला. इंटरनेटवरच्या कितीतरी वंशावळींत मात्र ते २३ जुलै लिहिलेलं दिसेल.

१ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखांना दोन्ही वर्षं लिहा. ‘१६९९, बारावा महिना, १०’ म्हणजे १० फेब्रुवारी १६९९/१७००. हे न केल्यास मूल आईबापांच्या लग्नाआधीच जन्मलेलं दिसतं आणि संशोधक नसलेलं रहस्य शोधत बसतो. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी झाला, आणि त्याच सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. डॅनियलची जन्मतारीख कुठे २२ ऑक्टोबर १७३४, तर कुठे २ नोव्हेंबर दिसते ती या ११ दिवसांमुळे. दोन्ही बरोबर आहेत. आपल्या टिपणवहीत मूळ नोंद जशीच्या तशी उतरवा आणि आपलं रूपांतर शेजारी वेगळं लिहा.

मग उलट चाला

ज्ञात माणसापासून एकेक पिढी मागे जा. १८५० च्या अमेरिकी जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव आणि जन्माचं राज्य येतं. ओहायो किंवा इंडियानात राहणारा, पण नॉर्थ कॅरोलिनात जन्मलेला म्हातारा दिसला तर कान टवकारा. गुलामगिरीला कंटाळून १८०० नंतर दक्षिणेतले क्वेकर मोठ्या संख्येने तिकडे गेले. मृत्युपत्रात शपथेऐवजी ‘प्रतिज्ञापूर्वक सांगतो’ असं असेल, तर तीही खूण, कारण क्वेकर शपथ घेत नसत. पण एका खुणेवर घर बांधू नका.

कुटुंबाचं गाव कळलं, की त्या भागातली त्या काळातली मंथली मीटिंग शोधा. सभा वाढल्या की फुटून नवी सभा निघायची. बून कुटुंब आधी ग्विनेडच्या वहीत आहे. ते सध्याच्या बर्क्स काउंटीत (जिल्ह्यात) गेलं आणि १७३७ मध्ये तिथे वेगळी सभा झाली. ती पुढे एक्झेटर नावाने ओळखली गेली. माणसं त्याच शेतावर राहिली तरी वही बदलते.

मूळ वह्यांचा मोठा साठा फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड महाविद्यालयांत आहे. नॉर्थ कॅरोलिनासाठी गिलफर्ड महाविद्यालय. आन्सेस्ट्री संकेतस्थळावर १६८१ ते १९३५ पर्यंतच्या वह्यांची छायाचित्रं पैसे भरून पाहता येतात.

विल्यम वेड हिन्शॉ यांचा अमेरिकी क्वेकर वंशावळींचा सहा खंडांचा कोश हाताशी ठेवा, पण त्याला मूळ नोंद समजू नका. त्याच्या दुसऱ्या खंडात पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सीच्या फक्त चार सभा आहेत: सेलम, बर्लिंग्टन, फिलाडेल्फिया आणि फॉल्स. ग्विनेड आणि एक्झेटर त्यात नाहीत. म्हणून कोशात नाव नाही याचा अर्थ माणूस क्वेकर नव्हता असा होत नाही. त्यातली संक्षेपाक्षरंही फसवतात. ‘जीसीटी’ म्हणजे अमुक सभेकडे जाण्याचा दाखला दिला, ‘आरओसीएफ’ म्हणजे अमुक सभेकडून आलेला दाखला स्वीकारला. ‘सीओएन’ पाहून लोक समजतात की सभेने त्याला दोषी ठरवलं. प्रत्यक्षात त्याने स्वतःच आपल्या वागण्याचा लेखी निषेध केलेला असतो, म्हणजे माफी मागितलेली असते, आणि बहुतेकदा तो सभेतच राहतो.

दाखला: समुद्र ओलांडणारा कागद

शाळा सोडल्याचा दाखला असतो तसा क्वेकरांचा सभा सोडल्याचा दाखला असे: वर्तन चांगलं, देणं बाकी नाही, लग्नाच्या बाबतीत मोकळा. डॅनियलचा आजोबा जॉर्ज बून १७१७ मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमधल्या ब्रॅडनिंचहून आला. त्याने कलम्प्टनच्या सभेचा दाखला ग्विनेडला दाखवला. एवढ्या एका ओळीने इंग्लंडमधली वही कोणती ते कळतं.

जहाजांच्या याद्यांवर वेळ घालवू नका. ब्रिटिश प्रवासी परके नव्हते, त्यामुळे त्यांची नोंद ठेवायचं बंधन नव्हतं. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन १६८२ मध्ये ज्या ‘वेलकम’ जहाजाने आला, त्याचीसुद्धा मूळ यादी उरलेली नाही. छापील याद्या नंतर जुळवलेल्या आहेत. शिवाय कुटुंब एकत्रच आलं असं धरू नका. जॉर्जने आपली तीन मुलं आधी पुढे पाठवली होती.

इंग्लंडमधल्या क्वेकर नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी ६’ या मालिकेत आहेत. पण क्वेकर पंथच मुळी १६५० च्या सुमाराचा. त्याआधीचे पूर्वज इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पॅरिश-नोंदींत शोधावे लागतात.

वेल्समधून आलेल्यांची अडचण वेगळी. आपल्याकडे बापाचं नाव मध्ये येतं आणि आडनाव टिकतं. तिथे बापाचं नावच आडनावाच्या जागी यायचं आणि दर पिढीला बदलायचं. बाप जॉन, तर मुलं जोन्स. अशा वेळी आडनाव सोडून शेत आणि सभा धरा.

लग्नाचा कागद नीट पाहा

जोडपं सभेपुढे दोनदा इरादा जाहीर करायचं आणि मधल्या काळात नेमलेली माणसं चौकशी करायची. म्हणजे एका लग्नाच्या निदान दोन नोंदी तरी मिळाव्यात. लग्नाच्या दाखल्यावर हजर असलेले सगळे सही करत. वधूवरांच्या सह्यांखाली, बहुधा उजवीकडच्या रांगेत, जवळचे नातेवाईक असतात. ती रांग वरून खाली पूर्ण उतरवा. वधूच्या आईचं आडनाव वेगळं दिसलं, तर तिने पुनर्विवाह केला असण्याची शक्यता आहे; पुढचा शोध तिथून. छापील संक्षेपांत या सह्या बहुतेक वेळा गाळलेल्या असतात.

बायकांची सभा वेगळी भरायची आणि तिचं इतिवृत्तही वेगळं. लेकीसुनांची चौकशी, बायकांचे दाखले तिथे मिळतात. फक्त पुरुषांची वही वाचून ‘मुलीचा पत्ता लागत नाही’ असं लिहिणं हा आळस आहे.

काढून टाकलेली माणसं आणि पुढची पिढी

सभेबाहेर लग्न केलं की चौकशी व्हायची आणि माफी मागितली नाही तर सदस्यत्व जायचं. हे आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखं नव्हतं. तो माणूस उपासनेला येऊ शकत होता. संशोधकासाठी ही प्रकरणं सोन्यासारखी, कारण सभा महिनोन् महिने सविस्तर लिहीत राहते. स्क्वायर बूनच्या मुलीने १७४२ मध्ये बाहेर लग्न केलं तेव्हा त्याने खेद नोंदवला. पुढे मुलगा इस्रायलनेही तेच केलं, तेव्हा मात्र स्क्वायर हटला नाही, आणि १७४८ मध्ये त्यालाच काढून टाकण्यात आलं.

एक अपवाद लक्षात ठेवा. १८२७-२८ मध्ये क्वेकरांत हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स अशी फूट पडली. त्या वर्षांत ‘काढून टाकला’ दिसलं तर बहुधा तो फक्त दुसऱ्या गटात गेलेला असतो. दोन्ही गटांच्या वह्या पाहा.

नाव वहीतून कायमचं गेलं, की काउंटीच्या कचेरीकडे वळा: जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रं, कराच्या याद्या, शेजारच्या बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्चच्या नोंदी. बून कुटुंब १७५० मध्ये पेनसिल्व्हेनिया सोडून नॉर्थ कॅरोलिनाच्या यॅडकिन खोऱ्याकडे निघालं. १७५६ मध्ये डॅनियलने रिबेका ब्रायनशी लग्न केलं, पण ते कुठल्याही सभेच्या वहीत शोधून उपयोग नाही. ते लावून दिलं जस्टिस ऑफ द पीस (स्थानिक दंडाधिकारी) म्हणून त्याच्या वडिलांनी, स्क्वायर बून यांनीच.