सोलापूरच्या गच्चीवर २१ जून: ग्रीष्म अयनदिन कसा पाळावा

आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या युरोपातील निसर्गपूजेवरून स्फूर्ती घेणारे, म्हणवणाऱ्या अनेकांच्या वर्षचक्रात आठ सण असतात. त्यांतील चार थेट सूर्याचे आहेत, म्हणजे दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) आणि दोन संपातदिन (दिवस-रात्र समान असलेले), आणि उरलेले चार त्यांच्या अधेमधे येतात. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, २१ जूनच्या सुमारास, जो सण येतो त्याला त्यांच्यातील बरेच जण लिथा म्हणतात. हे नाव पुरातन वाटते आणि अर्धेमुर्धे पुरातन आहेही. आठव्या शतकातील बीड नावाच्या इंग्रज मठवासीयाने (आपल्या बीड जिल्ह्याशी त्यांचा काही संबंध नाही) जून-जुलैच्या अँग्लो-सॅक्सन महिन्यांचे नाव म्हणून त्याची नोंद केली, पण सणाला ते चिकटले १९७० च्या दशकात, अमेरिकेत. विक्का हा या विश्वातील सर्वांत परिचित पंथही जेराल्ड गार्डनर यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांपुढे आणला. ही परंपरा अजून घडते आहे आणि तिला सर्वमान्य अशी एक पोथी नाही, म्हणून सोलापुरात ती आचरणाऱ्याला आपल्या विधीची मांडणी स्वतःच करावी लागते. ऑस्ट्रेलियातील पेगन लिथा डिसेंबरात करतात, कारण तिकडे मोठा दिवस तेव्हा असतो. सूर्य ज्या गावावर जसा उगवतो तसा तो त्या गावाने पाळावा, हा नियम त्यातून मिळतो आणि पुढील सर्व सूचना त्यावरच उभ्या आहेत.

आपल्या गावाचा सूर्य कसा आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य आपल्या अगदी डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि या दोन दिवसांच्या दरम्यान तो भर दुपारी आपल्या उत्तरेला असतो. २१ जूनला तो उत्तरेकडे सर्वाधिक, म्हणजे माथ्यापासून सुमारे पावणेसहा अंश सरकलेला असतो. इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळापाशी त्याच दिवशी साडेसोळा तासांहून अधिक प्रकाश असतो, तर आपल्याकडे सुमारे तेरा तास दहा मिनिटे. शिवाय त्यांचा उन्हाळा तेव्हा भरात येतो आणि आपला केव्हाच संपत आलेला असतो. एप्रिल-मेचे रणरणते ऊन सोसलेल्या सोलापूरकराने २१ जूनला सूर्याला ‘अजून तळप’ असे म्हणणे थोडे विनोदीच ठरेल. ज्या सूर्याने समुद्राचे पाणी उचलून ढग इकडे आणले, त्याचे आभार मानणे आपल्या हवेला अधिक शोभते. मृग सरून आर्द्रा नक्षत्र लागते तेही २१-२२ जूनलाच, त्यामुळे पेरणीच्या हिशेबात वाढलेल्या माणसाला हा दिवस मुळीच परका नाही.

दक्षिणायनाविषयी एक घोळ इथेच मिटवावा. आपली बहुतेक पंचांगे निरयन पद्धतीची, म्हणजे सूर्याची जागा स्थिर ताऱ्यांवरून मोजणारी, असल्याने त्यांत कर्कसंक्रांत जुलैच्या मध्यावर येते, मात्र सूर्य प्रत्यक्षात दक्षिणेकडे वळतो तो २१ जूनच्या आसपास. संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष सावकाश डुलत असल्याने, दर सुमारे ७२ वर्षांनी एक अंश असा फरक साठत जाऊन आज तो चोवीस अंशांच्या घरात गेला आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा मकरसंक्रांतीला भरते आणि तिचा होमविधी, नंदीध्वजांची मिरवणूक हे सारे याच जुन्या हिशेबाने चालते. त्यात बदल सुचवण्याचे कोणालाही कारण नाही. अयनदिन पाळणाऱ्याने मात्र आकाशातील वळण धरावे.

तारखेची फार काळजी करू नये. २०२६ साली अयनाचा नेमका क्षण २१ जूनला दुपारी दोनच्या थोडा आधी येतो, पण अयनबिंदूपाशी सूर्याची उत्तर-दक्षिण चाल इतकी मंदावते की पाच दिवस आधी किंवा नंतर पाहिले तरी फरक अंशाच्या दहाव्या भागाएवढाच असतो. जूनच्या उत्तरार्धात ढग असणारच, म्हणून १६ ते २६ जून हा सर्व काळ आपलाच समजावा आणि ज्या दिवशी आकाश उघडेल त्या दिवशी निरीक्षण करून घ्यावे.

सकाळचा भाग सोपा आहे. सूर्योदय सहाला पाच-सात मिनिटे असताना होतो, त्यामुळे साडेपाचला गच्चीवर असावे. सूर्य नेमक्या पूर्वेला न उगवता सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून उगवेल. हात लांब करून धरलेली मूठ जवळजवळ दहा अंश झाकते, म्हणून पूर्वेपासून डावीकडे अडीच मुठी मोजाव्यात आणि तिथे कोणते झाड, टाकी किंवा मनोरा आहे ते लिहून ठेवावे. स्टोनहेंजच्या उभारणाऱ्यांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी प्रचंड शिळा उभ्या करून हीच खूण बांधली. आपले काम शेजारच्या इमारतीच्या जिन्यावरही भागते. पुढचे सहा महिने सूर्योदयाची जागा या खुणेपासून उजवीकडे सरकत जाते आणि डिसेंबरात तितकीच दक्षिणेला पोचते.

दुपारचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात, कारण परदेशी पुस्तकांत भर पहाटेवर किंवा आदल्या रात्रीच्या शेकोटीवर असतो. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्यावी, ती मातीने भरलेल्या छोट्या, अरुंद कुंडीत रोवावी आणि गवंडी वापरतात तो ओळंबा लावून ती उभी आहे याची खात्री करावी. लांबी मातीपासून न मोजता फरशीच्या पातळीपासून मोजावी, नाहीतर आकडे चुकतात. सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला असल्याने आपला खरा मध्यान्ह बाराला होत नाही. त्या दिवशी तो सुमारे १२ वाजून २८ मिनिटांनी होतो. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने टिंब द्यावे. टोक पश्चिमेकडून पूर्वेकडे पाच मिनिटांत साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे डोळ्यांना जाणवेल इतक्या वेगाने सरकते, आणि मध्यान्ही सावली जेमतेम दहा सेंटिमीटरची होऊन दक्षिणेला पडते. जन्मभर दुपारची सावली उत्तरेलाच असते असे गृहीत धरलेल्या घरातील वडीलधाऱ्यांना हे अवश्य दाखवावे. माझ्या आईने आधी काठी वाकडी असल्याचा निर्णय दिला होता. सूर्याकडे थेट पाहू नये, सारे काही सावलीवरून कळते. डोक्याला टोपी किंवा उपरणे असावे.

सायंकाळचा विधी सूर्यास्ताच्या, म्हणजे सातच्या सुमारास करावा. पेगन विधीचा साचा सर्वसाधारणपणे असा असतो की आधी वर्तुळ आखतात, चार दिशांना आवाहन करतात, मग त्या दिवसाचे मुख्य कृत्य, नंतर वाटून खाणे आणि शेवटी दिशांचा निरोप. वर्तुळ रांगोळीने आखावे, आपल्या हाताला ते साधन सवयीचे आहे. मध्यभागी बसायला सोलापुरी चादर अंथरावी. दिशांचा प्रश्न मात्र विचार करून सोडवावा. इंग्लंडमध्ये प्रत्येक दिशेला एक तत्त्व जोडतात आणि अग्नी दक्षिणेला मानतात, कारण त्यांचा मध्यान्हीचा सूर्य तिथे असतो, आणि दक्षिण गोलार्धातील कित्येक पेगन याच तर्काने तो उत्तरेला नेतात. आपला सूर्य तर दोन्हीकडे फिरतो. मी दिवा आग्नेयेला ठेवतो, कारण त्या दिशेचे नावच अग्नीवरून आहे, आणि पाण्याचा तांब्या पश्चिमेला, कारण वरुणाची दिशा तीच आणि पावसाचे वारेही तिकडूनच येतात. पश्चिमेला पाणी ही मांडणी त्यांच्याकडेही आहे, त्यामुळे इथे दोन्ही परंपरा अनायासे जुळतात. आवाहनासाठी इंग्रजी मंत्र पाठ करण्याची गरज नाही. साध्या मराठीत चार वाक्ये बोलावीत आणि ती मनापासून बोलावीत.

लाटव्हियात २३ जूनच्या रात्री ओकच्या पानांचे मुकुट घालून सूर्योदयापर्यंत शेकोट्या जागवतात, आणि अयनाचा अग्नी म्हटला की तेच चित्र डोळ्यांसमोर येते. गच्चीवर ते जमणार नाही आणि जमवूही नये. जूनमध्ये आपल्याकडे वारा जोराचा असतो आणि गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या, तारा आणि वाळत घातलेले कपडे असतात. लोखंडी घमेल्यात चार बोटे वाळू पसरून त्यावर दोन गोवऱ्या आणि ज्वारीची मूठभर धसकटे पेटवावीत, शेजारी भरलेली बादली ठेवावी आणि विस्तव पूर्ण विझल्याशिवाय खाली उतरू नये. वारा फारच असेल तर काचेचा कंदील पुरे. पहिल्या वर्षी मी पणत्या मांडल्या होत्या आणि अर्धा विधी त्या पुन्हा पुन्हा लावण्यात गेला. मोकळ्या जागेच्या मोहाने नान्नजच्या माळरानाकडे जाऊन आग पेटवण्याचा विचार कोणी केला असेल तर तो सोडावा. ते माळढोकाचे अभयारण्य आहे आणि तेथील गवतावर कित्येक जीव जगतात.

पानाफुलांसाठी ओक शोधत बसू नये. कडुनिंबाच्या डहाळ्या आणि बाजारात मिळतील ती फुले चालतात. वटपौर्णिमाही याच दिवसांत येते, तेव्हा वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला असतात. त्या घेऊ नयेत, वडाला भेटायचे तर चालत जावे. खाण्यात गव्हाची हुग्गी (खीर), कडक भाकरी आणि शेंगाचटणी असावी. तिकडे मधापासून केलेले मद्य वाटतात, आपल्याकडे ताकात चिमूटभर मीठ घालून पेला फिरवला तरी वाटून घेण्याचा अर्थ कमी होत नाही. पहिला घास आणि पहिला घोट मातीला द्यावा.

शेजाऱ्यांना काय सांगावे, हेही ठरवून ठेवावे. ‘विच’ या शब्दाचे ‘चेटकीण’ असे भाषांतर चुकूनही करू नये. पश्चिमेत काही जण तो शब्द अभिमानाने मिरवतात, पण आपल्याकडे त्या आरोपाखाली बायकांना मारहाण झाली आहे, आणि महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच अघोरी प्रकारांमुळे. दार उघडे ठेवावे, मुलांना सावली मोजायला बोलवावे, आणि कोणी विचारल्यास ‘आज सर्वांत मोठा दिवस, सूर्याचे आभार मानतो’ असे सांगावे. कोणाचा आजार बरा करण्याचे किंवा भविष्य सांगण्याचे आश्वासन मात्र कोणालाही देऊ नये.

अंधार पडल्यावर दिशांचा निरोप घ्यावा, घमेल्यातील राख कुंड्यांत मिसळावी आणि दुपारच्या टिंबांवरून ऑइलपेंटची रेघ फिरवावी, कारण खडू पहिल्याच सरीत धुऊन जातो. हीच काठी याच जागी २१-२२ डिसेंबरला दुपारी १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास पुन्हा रोवायची आहे. तेव्हा सावली उत्तरेला सुमारे ८७ सेंटिमीटर जाईल. त्यासाठी कुंडीच्या उत्तरेला मीटरभर फरशी मोकळी आहे ना हे आजच पाहून घ्यावे, आणि तिथे पाण्याची टाकी येत असेल तर पेंट लावण्यापूर्वीच काठीची जागा बदलून मोजमाप उद्या पुन्हा करावे.