बेळगाव-खानापूर-चंदगडच्या रानवाटा: पुस्तक आणि नकाशा निवडताना या चुका टाळा

बेळगावहून दीड-दोन तासांच्या टप्प्यात तीन राज्यांची जमीन लागते. चोर्ला घाट उतरला की गोवा, शिनोळी लागली की चंदगड तालुका म्हणजे महाराष्ट्र, आणि खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी हा पट्टा कर्नाटकात. डोंगर सगळा एकच. खानापूरच्या जंगलात उगवणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, आणि तिथून फार लांब नसलेल्या कणकुंबीत उगवणारी मलप्रभा पाठ फिरवून पूर्वेला कृष्णेकडे जाते. पाण्याची वाटणी अशी डोंगराच्या माथ्यावर होते, पण पुस्तकांची आणि नकाशांची वाटणी राज्यांच्या हद्दीवर होते. या भागात भटकणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथंच आहे, म्हणून पहिली चूक तीच घेऊ.

राज्याच्या नावावरून पुस्तक घेणं

महाराष्ट्रातल्या गडकोटांवरचं पुस्तक उघडलं तर पारगड, कलानिधीगड, महिपालगड, गंधर्वगड हे चंदगड तालुक्यातले किल्ले त्यात मिळतील. पण येळ्ळूरचा राजहंसगड, संकेश्वरजवळचा वल्लभगड, खानापूरच्या जंगलातला भीमगड यांच्यापर्यंत अशी अनेक पुस्तकं पोचतच नाहीत, पोचली तरी दोन ओळींत उरकतात. उलट बाजूला कर्नाटकाच्या पर्यटनाची पुस्तकं गोकाकचा धबधबा, सौंदत्तीचा डोंगर, कित्तूर, हलशीची कदंबकालीन देवळं दाखवतात आणि महिपालगडाचं नाव घेत नाहीत. गोकाकपेक्षा महिपालगड बेळगावला कितीतरी जवळ आहे, आणि देवरवाडीच्या वैजनाथाला तर बेळगावची माणसं नेहमीच जातात. वाचकाला वाटतं, पुस्तकात नाही म्हणजे तिकडं पाहण्यासारखं काही नसेल.

या तुटीला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका वगळून महाराष्ट्राच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात राहिला. त्यामुळे १९५६ पूर्वीच्या कागदपत्रांत जे बेळगाव जिल्हा म्हणून एकत्र दिसतं, ते नंतरच्या पुस्तकांत दोन ठिकाणी शोधावं लागतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, एकविसावा खंड, बेळगावचा, १८८४ साली निघाला. नद्या, घाट, किल्ले, बाजारपेठा यांच्या जुन्या माहितीसाठी तो आजही उपयोगी आहे, पण वाटाड्या म्हणून नव्हे.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा शेवटची सूची उघडा. कणकुंबी, पारगड, हलशी आणि चोर्ला ही चार नावं शोधा. चारांपैकी तीन सापडली तर लेखकानं हद्द बघून नव्हे, भूभाग बघून लिहिलं आहे असं समजायला हरकत नाही. एकच सापडलं तर ते पुस्तक अर्ध्या भागाचं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरं लागणार हे धरूनच घ्या. पूर्ण भागाचं एकच पुस्तक मिळेल या आशेवर थांबण्यापेक्षा दोन बाजूंची दोन पातळ पुस्तकं बरी. विकत घ्यायचं नसेल तर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात आधी चाळून बघा.

आवृत्तीचं वर्ष न बघणं

पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर छपाईचं वर्ष असतं. तिथं ‘पुनर्मुद्रण’ लिहिलंय की ‘सुधारित आवृत्ती’, हे नीट वाचा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. त्याची किंमत नवी असते, वाट जुनी असते.

भीमगड हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. हे जंगल डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याआधीच्या लिखाणात जंगलातल्या वाड्यांवर मुक्काम करावा, गावातला एखादा सोबती घ्यावा आणि सकाळी किल्ला चढावा, असं सहज लिहिलेलं सापडतं. आज वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जंगलातल्या काही वाड्यांवरच्या कुटुंबांचं पुनर्वसनही होऊ लागलंय, म्हणजे पुस्तकात ज्या घरी जेवण मिळेल असं लिहिलंय ते घर तिथं असेलच असं नाही. म्हणून भीमगडसाठी २०११ पूर्वीचा मजकूर फक्त किल्ल्याची ओळख करून घ्यायला वाचा. जायचं कसं, हे खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयातच विचारा.

नकाशांचंही तसंच. अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे आज इंटरनेटवर फुकट मिळतात आणि दिसायला फार सुंदर आहेत. पण त्यांत घटप्रभेवरचं हिडकल धरण नाही, सौंदत्तीजवळचा मलप्रभेचा जलाशयही नाही. जिथं नकाशावर गाव आणि शेत दिसतं, तिथं आज पाणी आहे. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर हिडकलच्या पाण्याखाली जातं आणि पाणी उतरलं की उघडं पडतं. शिवाय या नकाशांचं प्रमाण १:२,५०,००० आहे, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. पायवाट शोधायला ते पुरत नाही.

चुकीच्या प्रमाणाचा आणि अर्धाच नकाशा घेणं

स्टँडवर मिळणारा राज्याचा रस्ता-नकाशा बस आणि गाडीसाठी असतो. चालणाऱ्याला लागते ती भारतीय सर्वेक्षण विभागाची, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची, १:५०,००० ची शीट. यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस-वीस मीटरच्या अंतरानं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर या शीटा दोन मालिकांत निघतात: एक संरक्षण दलांसाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. खुल्या मालिकेच्या पीडीएफ विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून मिळतात. भटकंतीच्या पुस्तकावर पैसे घालण्याआधी ही शीट उतरवून घ्या, असंच मी कुणालाही सांगेन.

आता यातली खास बेळगावची अडचण. एक शीट पंधरा मिनिटं रेखांश आणि पंधरा मिनिटं अक्षांशाची, आपल्याकडे साधारण सत्तावीस किलोमीटर लांब-रुंद. त्यातली एक कड ७४ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावर येते, आणि ही रेषा बेळगाव शहरातूनच जाते. म्हणजे शहराचा पश्चिम भाग एका शीटवर आणि पूर्व भाग दुसऱ्या. जुन्या क्रमांकांत पश्चिमेची ४८ आय/५, पूर्वेची ४८ आय/९. खानापूर त्याखालच्या ४८ आय/१० वर, जांबोटी ४८ आय/६ वर, तर कणकुंबी आणखी पश्चिमेच्या ४८ आय/२ वर. ‘बेळगावची शीट’ म्हणून एकच उतरवली आणि जांबोटीला निघालात तर निम्म्या वाटेत नकाशा संपतो.

दुसरी मोठी शिवण सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिच्या दक्षिणेला ४८ ची मालिका, उत्तरेला ४७ ची. खुल्या मालिकेत हेच क्रमांक डी४३ आणि ई४३ ने सुरू होतात. गोकाक, संकेश्वर, निपाणी या रेषेच्या वर येतात. पोर्टलवर गोकाकची शीट सापडत नसेल तर तुम्ही बहुधा चुकीच्या अक्षरात शोधताय.

शीट मिळाल्यावर छापताना एक घोळ हमखास होतो. झेरॉक्सच्या दुकानात ‘पानात बसवून द्या’ म्हटलं की नकाशा आक्रसतो आणि दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर हे गणित मोडतं. मूळ आकारातच छापायला सांगा, हवा तेवढाच तुकडा घ्या, आणि खालच्या प्रमाणपट्टीवर फूटपट्टी ठेवून बघा. प्रमाणपट्टीचा तुकडा सोबत छापून घेतलात तर आकार बदलला तरी अंतर मोजता येतं.

शीट वाचताना दोन गोष्टी या भागात जिवावर बेतू शकतात. पहिली, ओढ्यांचा रंग. निळ्यात दाखवलेल्या ओढ्याला बारमाही पाणी, काळ्या रेघेतला ओढा वर्षातला बराच काळ कोरडा. सौंदत्ती-गोकाककडच्या कोरड्या मुलखात काळी रेघ म्हणजे खरंच कोरडा नाला. पण कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर त्याच काळ्या रेघेतून छातीएवढं पाणी धावू शकतं. दुसरी, वीस मीटरचं अंतर. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा, तरीही तो शीटवर दोन-तीन रेषांत मावतो. पंधरा मीटरचा सरळ तुटलेला कडा दोन रेषांच्या मधे पडला तर नकाशावर दिसतच नाही. घाटमाथ्याच्या धारेवर रेषा विरळ दिसल्या म्हणून सरळ खाली उतरू नका.

जुन्या शीटवर जीपीएसचा आकडा मांडणं

फोनवर अक्षांश-रेखांश बरोबर आहेत, तरी जुन्या शीटवर मांडल्यावर तुम्ही देवळाजवळ नसून शेजारच्या शेतात दिसता. शीट खोटी नाही आणि फोनही बिघडलेला नाही. जुन्या शीटा एव्हरेस्ट या आधारमापनावर, म्हणजे पृथ्वीचा आकार धरून अक्षांश-रेखांश ठरवायच्या एका पद्धतीवर, काढलेल्या आहेत आणि फोन डब्ल्यूजीएस८४ हे दुसरं आधारमापन वापरतो. आपल्याकडे या दोहोंत शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. उघड्या माळावर तो चालून जाईल, पण दाट जंगलात वाटेचा फाटा गाठताना नाही. खुल्या मालिकेच्या शीटा डब्ल्यूजीएस८४ वरच असल्यामुळे हा प्रश्न येत नाही. म्हणून दोन्ही मिळत असतील तर फोनसोबत खुल्या मालिकेचीच वापरा.

फोनवर एकाच राज्याचा नकाशा उतरवणं

ऑस्मअँडसारख्या अ‍ॅपमध्ये भारताचे नकाशे राज्यवार फायलींत येतात. बेळगावात राहणारा माणूस साहजिकच कर्नाटकाची फाईल घेतो. मग चोर्ल्याला गोव्याची हद्द लागली, किंवा पारगडाकडे वळला, की पुढचे तपशील गायब होतात आणि तिथं नवीन फाईल उतरवायला नेटवर्क नसतं. घरून निघतानाच कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही फायली घ्या. नंतर फोन विमान मोडवर टाकून तिन्ही बाजू उघडताहेत का बघा.

गाडीचा रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपवर जंगलात विसंबू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याला निघालेलं एक कुटुंब असाच जवळचा रस्ता धरून खानापूर तालुक्यातल्या शिरोली-हेम्मडगा भागातल्या जंगलात अडकलं, रात्र गाडीत काढली, आणि नेटवर्क मिळेपर्यंत चालत जाऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागल्यावर पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. अ‍ॅपला कमी अंतर कळतं; रस्ता जंगलातून जातो का, रात्री तिथं कुणी भेटेल का, हे त्याला कळत नाही.

एकाच स्पेलिंगनं गाव शोधणं

बेळगाव २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झालं. सौंदत्ती कुठं सवदत्ती, निपाणी कुठं निप्पाणी, हलशी कुठं हलसी, राजहंसगड कुठं फक्त येळ्ळूर. पूर्वेकडच्या शीटांवर कानडी शब्द बरेच येतात: हळ्ळ म्हणजे ओढा आणि हळ्ळी म्हणजे गाव, गुड्ड म्हणजे टेकडी, केरे म्हणजे तळं. ओढा समजून गावाकडे चालत जाण्याइतका हा फरक महागात पडतो. नकाशाच्या कडेला पेन्सिलीनं नावाची सगळी रूपं लिहून ठेवा. बसच्या पाट्या कानडीत असतात, तेव्हा गावाचं कानडी अक्षरातलं नाव फोनमध्ये लिहून नेलंत तर वाहकाला दाखवता येतं.

जमीन कुणाची आहे हे न बघणं

पुस्तकातली पायवाट आज कुणाच्या तरी काजूच्या बागेतून जात असू शकते. कर्नाटकाच्या बाजूला दिशांक हे सरकारी अ‍ॅप तुम्ही उभे आहात तिथला सर्व्हे नंबर दाखवतं, महाराष्ट्राच्या बाजूला महाभूनकाशा. एकाचा उपयोग दुसऱ्या राज्यात होत नाही. कुंपण आडवं आलं तर तारा वाकवू नका; जवळच्या घरी जाऊन, ‘मामा, वरच्या बाजूला जायला वाट हाय काय?’ असं विचारा. खानापूरच्या पश्चिमेला मराठी आणि कोंकणी सगळीकडे चालते. हुक्केरी-गोकाककडे दोन वाक्यं कानडी बोललात तर माणूस स्वतःहून वाट दाखवायला चार पावलं सोबत येतो.

पावसाळ्यात धबधब्यांवर आणि जंगलाच्या काही भागांत प्रवेशबंदीचे आदेश निघतात आणि ते कुठल्याही छापील पुस्तकात नसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या स्थानिक कार्यालयात फोन करा. बंदी असेल तर त्या आठवड्यात हलशी, राजहंसगड किंवा पूर्वेकडचं सौंदत्ती हे बेत हाताशी ठेवा.