अनेक शीटमधली थकीत खाती एका सूत्रात मोजा

पतसंस्थेच्या फाइलमध्ये खानापूर, निपाणी, चिकोडी अशी शाखावार शीट आहेत. ५०,००० वरची थकीत कर्जं एकूण किती, हे एक्सेलमध्ये काढायचंय. एका शीटपुरतं काउंटइफ्स (अटींत बसणाऱ्या नोंदी मोजणारं फंक्शन) पुरतं. पण पहिल्यापासून शेवटच्या शीटपर्यंतची रेंज त्याला एकत्र दिली की व्हॅल्यू एरर येते.

म्हणून शीटची नावं वेगळ्या शीटवर एकाखाली एक लिहा, तेवढेच सेल निवडून त्यांना ‘यादी’ नाव द्या. मग, सी स्तंभात कर्जाची स्थिती आणि डी स्तंभात रक्कम आहे असं धरून:

=समप्रॉडक्ट(काउंटइफ्स(इनडायरेक्ट("'"&यादी&"'!सी२:सी५००"),"थकीत",इनडायरेक्ट("'"&यादी&"'!डी२:डी५००"),">५००००"))

फंक्शनची नावं, स्तंभांची अक्षरं आणि आकडे टाइप करताना इंग्रजीतच. एकेरी अवतरणं गाळू नका. शीटच्या नावात जागा असली की त्यांच्याशिवाय चालत नाही. यादीत एक जरी सेल रिकामा राहिला तर सगळंच रेफ एरर. दोन्ही रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात.

आकडा कमी येतोय? बहुतेक वेळा रक्कम मजकूर म्हणून साठलेली असते, ती ‘पेक्षा जास्त’ या अटीत धरलीच जात नाही. ‘थकीत’नंतरची चुकून पडलेली स्पेसही तेच करते. आपल्याकडे आणखी एक भानगड: पत्त्यात कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी. अट "*बेळगाव*" अशी द्या, दोन्ही येतील. कन्नड लिपीतल्या नोंदी मात्र वेगळ्या मोजून मिळवाव्या लागतात.

मध्ये नवा स्तंभ घातला तर इनडायरेक्टमधला सेलचा पत्ता आपोआप सरकत नाही, हाताने बदला. गूगल शीट्समध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे प्रत्येक शीटचं काउंटइफ्स लिहून अधिक चिन्हानं जोडा.