श्मिता वर्ष कसं काढायचं: कोफॅक्सच्या तारखेवरून

ज्यू पंचांगातलं दर सातवं वर्ष श्मिता, म्हणजे इस्राएलच्या भूमीत पेरणी बंद. सोलापूरकडे रब्बी ज्वारीसाठी काळं रान खरिपात पड ठेवतात, तसं हंगामापुरतं नव्हे, अख्खं वर्ष.

तारीख रोश हशनानंतरची (ज्यू नववर्षदिन, सप्टेंबर-ऑक्टोबर) असेल तर सनात ३७६१ मिळवा, आधीची असेल तर ३७६०. सातने भागा, बाकी शून्य, तर श्मिता.

योम किप्पूरला (रोश हशनानंतर लगेच येणारा प्रायश्चित्ताचा दिवस) न खेळलेले दोघे ज्यू अमेरिकी बेसबॉलपटू घ्या. हँक ग्रीनबर्ग, १९ सप्टेंबर १९३४: ५६९५, बाकी चार. सँडी कोफॅक्स, ६ ऑक्टोबर १९६५, वर्ल्ड सिरीजचा (बेसबॉलची अंतिम मालिका) पहिला सामना: ५७२६, बाकी शून्य! अर्थात नियम जमिनीला, कोफॅक्ससारख्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हाताला नाही.

चुकतं ते १ जानेवारीला वर्ष पालटलं असं धरल्याने. जुलै १९६६ ला ३७६१ मिळवलेत तर ५७२७ येतं. खरं वर्ष ५७२६च.