लेपाचं वय काढायचंय? जेटीवर जाण्याआधी

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर लेप, म्हणजे जिभेसारखा चपटा मासा, घ्यायला निघण्याआधी वर्षाचं वेळापत्रक मांडा. वाढ कळायची तर नमुना दर महिन्याला हवा, आणि घोडं तिथेच अडतं: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्यामुळे खाडीत छोट्या होडीने जाळं टाकणाऱ्या एखाद्या मामांशी मे महिन्यातच बोलून ठेवा. विक्रीला मांडलेल्या वाट्यांवर भागवू नका, त्यातले लेप आकाराने निवडलेले असतात. बाजूला टाकलेली बारीक मासळीही चाळावी लागते.

मोजायची फळी, वजनकाटा, बर्फ, स्काल्पेल, टोकदार चिमटा, कागदी पाकिटं आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या हाताने शाई फिसकटते. लांबी ताज्या माशाचीच घ्या, गोठवलेला आक्रसतो. लेपाचं तोंड आकड्यासारखं खाली वळलेलं असतं, म्हणून मोजायला सुरुवात तोंडापासून नव्हे, मुस्कटाच्या टोकापासून करा. पाठीचे आणि पोटाचे पर शेपटीला जाऊन मिळतात, तेव्हा मोजायची ती पूर्ण लांबी. मादी की नर, हे पोट उघडून लिहा. दोघांची वाढ सारखीच धरून चालू नका.

आता डोक्यातला खडा, म्हणजे ऑटोलिथ. झाडाच्या खोडासारख्या कड्या त्यात वाढीबरोबर पडत जातात, वय काढायचं ते त्यांवरूनच. लेपाचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला. चपट्या माशांत बहुधा आंधळ्या बाजूच्या खड्याचं केंद्र मधोमध असतं आणि कड्या वाचायला बऱ्या पडतात, म्हणून उजवा जपा. पण डावाही फेकू नका, पाकिटावर बाजू लिहा. पुसून, सुकवून ठेवा. फॉर्मेलीनमध्ये चुकूनही नको, त्यातल्या आम्लाने खडा झिजतो.

काळ्या तळावर, ग्लिसरीनच्या थेंबात, वरून उजेड टाकून कड्या मोजा. थंड समुद्रात हिवाळ्याची कडी ठळक उमटते. आपल्याकडे पुसट, शिवाय अंडी घालण्याच्या काळातही एखादी पडू शकते. त्यामुळे एक कडी म्हणजे एक वर्ष असं आधीच धरू नका. बारा महिन्यांच्या खड्यांची बाहेरची कड ताडून पाहा, वर्षातून एकदाच नवी कडी येते हे दिसलं तरच मोजणीला अर्थ. वाचणारे दोघे हवेत आणि लांबी दोघांपासून लपवलेली. मासा मोठा आहे हे कळलं की एक कडी जास्तच दिसायला लागते!

लांबीच्या वारंवारितेचा तक्ता, म्हणजे कोणत्या लांबीचे किती मासे मिळाले ते, दरमहा सोबत भरत जा, कड्यांना तेवढाच दुसरा साक्षीदार. कोणत्या वयाला किती लांबी हे मांडणारं फॉन बर्टालान्फीचं १९३८चं वाढीचं सूत्र सगळ्यात शेवटी, नर-मादी वेगळे करून.